सांगलीच्या फ्लॅटमध्ये मांजर बरं की कुत्रं? (एक चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

हळदपेठ

नवरा-बायको दोघंही नोकरीला, सकाळी नऊला दाराला कुलूप, ते संध्याकाळी सहा-साडेसहाला उघडणार. विश्रामबाग, कुपवाड, मिरज, सगळीकडं आता अशीच टू-बीएचकेची घरं झाली आहेत. अशा घरात जनावर पाळायचं असेल तर मांजर पाळा, कुत्रं आणू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण साधं आहे. कुत्र्याचं पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्याहून फार तर एखादा तास जास्त ते लघवी धरू शकतं. तीन महिन्यांचं पिल्लू म्हणजे चार तास. मोठ्या कुत्र्यालाही आठ तासांच्या वर कोंडून ठेवणं हाल करण्यासारखं आहे. मग ते भुंकतं, दार ओरबाडतं, सोफा फाडतं, शेजारी तक्रार करतात आणि शेवटी कुणीतरी त्याला गाडीत घालून हरिपूर रोडला सोडून येतं. मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपतं. शी-शूसाठी ट्रेमध्ये जायला त्याला शिकवावं लागत नाही. चार आठवड्यांचं पिल्लू आपणहून उकरायला लागतं.

मात्र ट्रे नीट हवा. मांजराच्या लांबीच्या दीडपट, झाकण नसलेला, आणि खाण्याच्या भांड्यापासून लांब. लघवी पडली की गोळे धरणारं बेंटोनाइट मातीचं लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची भर, दोन ते तीन इंच भरा. एका मांजराला महिन्याला साधारण आठ-दहा किलो लागतं. वासाचं लिटर आणू नका, आपल्याला आवडतं ते मांजराच्या नाकाला सोसत नाही आणि मग ते गादीवर जातं. दोन मांजरं असतील तर ट्रे तीन. गोळे कमोडमध्ये टाकू नका, बेंटोनाइट पाण्यात फुगतं आणि पाइप तुंबतो.

दुसरी गोष्ट बाल्कनीची. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर दातांनी आठवड्यात कुरतडतं. तिथं तारेची, इंचभर भोकाची जाळी लागते, आणि ती मांजर आणायच्या आधी लावायची. तिसरी गोष्ट नसबंदी. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. पाचव्या महिन्यात ऑपरेशन करून टाकावं.

अजिंक्यतारा

कुत्र्याला वेळ लागतो हे मान्यच. पण मांजराला काही लागत नाही, असा समज या चर्चेतून पसरायला नको. त्या समजापायीच आपल्याकडं मांजरांचे हाल होतात. मी कुत्र्याच्या बाजूनं बोलतोय, आणि माझं पहिलं कारण हेच आहे: कुत्रं दुखणं दाखवतं, मांजर लपवतं. कुत्र्याचा पाय दुखला तर ते लंगडत तुमच्यासमोर येऊन उभं राहतं. मांजर कपाटामागं जाऊन बसतं, आणि दिवसभर घरात कुणी नसलं की ते कळायलाच दोन दिवस जातात.

त्यात बोक्याचं सगळ्यात वाईट. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी बंद. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो, कळा देतो, ओरडतो, खालची जागा चाटत राहतो. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठता झाली, म्हणून एरंडेल पाजतात. दोन ते तीन दिवसांत तो मरतो. नुसतं कोरडं खाणं आणि कमी पाणी हे त्याचं एक मोठं कारण, आणि नोकरदार घरात भांडं भरून तेच ठेवलं जातं.

दुसरा मुद्दा शाकाहाराचा. सांगली-मिरजेकडं जैन, लिंगायत आणि इतरही कितीतरी घरांत अंडंसुद्धा येत नाही. अशा घरात कुत्रं नीट आखलेल्या शाकाहारावर चांगलं जगू शकतं. मांजर जगत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडून ते फुगतं. दूध-पोळीवर वाढवलेलं मांजर आंधळं होतं ते यामुळं. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. घरात मांस चालत नसेल आणि पाकिटातलं खाणंही चालणार नसेल, तर मांजर आणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

तिसरा मुद्दा फिनेलचा. काळं फिनेल मांजराला विष आहे. फरशी पुसल्यावर ते तिच्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं. फिनेलमधलं फिनॉल पचवायची ताकद त्याच्या यकृतात नाही. त्याच कारणानं पॅरासिटामॉल: ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठं मांजर मारायला पुरते. ताप आला म्हणून अर्धी गोळी चारणारे लोक आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

कुत्र्याचं बोलायचं तर घरात आजी-आजोबा दिवसभर असतील तिथं त्याच्यासारखी सोबत नाही. हाक मारली की येतं, दाराशी कुणी आलं की सांगतं, आणि त्याला फिरवायच्या निमित्तानं माणूसही रोज चालतं.

हळदपेठ

फिनेल आणि पॅरासिटामॉलचं लिहिलंत ते बरं झालं. पण शाकाहाराच्या मुद्द्यावर तुम्ही कुत्र्याला फार सोपं सोडलंत. वाढत्या पिल्लाला दूध-भाकरीवर ठेवलं की त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात, कारण कॅल्शियम आणि फॉस्फरसचा मेळ बसत नाही. तीन ते सहा महिन्यांत हे होतं आणि नंतर पाय सरळ होत नाहीत. "नीट आखलेला" शाकाहार किती घरांत आखला जातो?

आणि आपल्याकडच्या कांदा-लसूण मसाल्याचं काय? सातारा-सांगलीत रस्सा, पिठलं, आमटी, सगळ्यात तो पडतो. कांदा आणि लसूण दोन्ही जनावरांच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवला तरी गुण जात नाही, आणि वाळवून कुटलेला तर चमच्यागणिक जास्त जहाल. मांजर रस्सा सहसा हुंगून सोडतं, कुत्रं मात्र ताट चाटून पुसून काढतं. रोज थोडा थोडा गेला की हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी तांबूस-तपकिरी होते, आणि लोकांना वाटतं कावीळ झाली. जनावरासाठी चिकन किंवा भाजी फोडणीच्या आधी वेगळी काढायची, मीठ-मसाला घालायच्याही आधी. शिजलेली हाडं तर अजिबात नकोत, ती फुटून टोकदार होतात.

लसीचंही घ्या. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत पार्वो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांची लस. तोवर त्याला खाली रस्त्यावर सोडायचं नाही. पार्वोचा विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतो, फिनेलनं मरत नाही. त्याला ब्लीचच लागतं, एका भागाला तीस भाग पाणी. नोकरी करणाऱ्या घरात पिल्लाला अडीच-तीन महिने घरातच शी-शू शिकवत कोण बसणार?

अजिंक्यतारा

मग मांजराला लस नको का? रेबीज मांजरालाही होतो. बारा आठवड्यांना पहिली, महिन्यानं दुसरी, पुढं दरवर्षी, कुत्र्याला तशीच मांजराला. आपल्याकडं कुत्र्याची पुस्तिका असते, मांजराची क्वचितच. आणि मांजरानं ओरखडलं की हळद लावून सोडून देतात. ओरखडा असो की चावा, नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. जनावर पाळलेलं आहे म्हणून सवलत नाही.

आणखी एक, दोन्ही जनावरं एका घरात ठेवणाऱ्यांसाठी. कुत्र्याच्या गोचिडांवर मानेवर टाकायचं जे औषध मिळतं, त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं. ते मांजराला लावलं, किंवा औषधानं अजून ओल्या असलेल्या कुत्र्याला मांजर चिकटून झोपलं, तरी मांजराला झटके येऊन ते दगावतं. पाकिटावरचं नाव वाचल्याशिवाय घेऊ नका.

माणदेशी

तुमची सगळी चर्चा फ्लॅटची चाललीय. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं प्रश्नच वेगळा आहे. इथं मेंढरांच्या वाड्यावर कारवान जातीचा कुत्रा असतो, कानाला-शेपटीला झुबके असलेला तो पश्मी. मुधोळ हाउंड म्हणून २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर आला तोच हा. अंगावर चरबी नाही, छाती खोल, पोट वर चढलेलं. अनेकांना तो कुपोषित वाटतो आणि ते त्याला चारून जाड करतात, मग सांधे जातात. शेवटच्या दोन-तीन बरगड्या नजरेला दिसायलाच हव्यात.

हे कुत्रं फ्लॅटमध्ये नेऊ नका. त्याला रोज मोकळं पळायला हवं, दोरीवरचं चालणं पुरत नाही. फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात आणि पुढं ते फुटतात, तेव्हा खाली जाड गोधडी पाहिजे. आणि मांजर पळालं की हे मागं सुटणारच, दोष त्याचा नाही. ऑपरेशन करताना डॉक्टरला जात आवर्जून सांगा, अंगात चरबी नसल्यानं भुलीचा डोस जपून द्यावा लागतो.

एवढं मात्र खरं की आपल्या हवेत हस्की आणि सेंट बर्नार्ड पाळण्यापेक्षा हे, किंवा साधं गावठी कुत्रं, शंभर पटींनी चांगलं. तीच गोष्ट मांजराची. चपट्या नाकाचं पर्शियन उन्हाळ्यात धापा टाकतं, गावठी मांजर कोनाड्यात निवांत असतं.

तासगावकर

मणेराजुरी, सावळज, तासगाव भागात ज्यांचं बेदाण्याचं शेड आहे, त्यांनी कुत्रं शेडवर मोकळं सोडू नये. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची किडनी बंद पाडतो. त्यातलं टार्टारिक आम्ल हे कारण असावं असं आता मानलं जातं, म्हणून चिंचही लांब ठेवा. किती खाल्ल्यावर होतं याचा भरवसा नाही. एक कुत्रं मूठभर पचवतं, दुसरं थोड्याशानंच मरतं. खाल्लेलं दिसलं की दोन तासांच्या आत डॉक्टरकडं उलटी करवून घ्या. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानं रक्तातलं सोडियम वाढून वेगळंच संकट येतं.

शेड आणि हळदीच्या वखारीला मांजर हवं, उंदीर धरतं म्हणून, असंही लोक म्हणतात. लहान उंदरापुरतं खरं आहे. घूस मांजराच्या आवाक्यातली नाही, तिच्या वाट्याला बरीच मांजरं जातच नाहीत. आणि जिथं मांजर ठेवाल तिथं उंदराचं औषध ठेवू नका. ब्रोमाडायोलोन हे त्यातलं एक विष खाल्लेला उंदीर दिवसेंदिवस जिवंत फिरतो, तो मांजरानं खाल्ला की तेच विष त्याच्या पोटात. नाकातून किंवा शीतून रक्त दिसलं तर व्हिटॅमिन के-१ आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या विषाला तर उताराच नाही.

पाटणखोरं

कराड, पाटण, शिराळा या बिबट्याच्या पट्ट्यात राखणीला कुत्रं बांधलं असेल तर ते अंगणात साखळीला ठेवू नका. बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात भक्ष्य म्हणून सगळ्यात जास्त कुत्रंच निघालं, त्यानंतर मांजर. म्हणजे रात्री दोन्ही आत हवीत. गळ्याला खिळ्यांचा पट्टा उपयोगी पडतो, पण दाराला कडी त्याहून जास्त.

कृष्णाकाठ

एक गोष्ट कुणीच काढली नाही. सांगलीत जनावर पाळायचं तर पुराचा विचार आधी. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात राहणाऱ्यानं यात कुत्र्याला गुण द्यावेत. पट्टा लावला की ते चालत येतं, होडीत बसतं. मांजर पाण्याचा आवाज ऐकून पलंगाच्या पेटीत शिरतं आणि सापडत नाही.

पण उपाय आहे. दर मांजरामागं एक पिंजरा-टोपली मे महिन्यापासून घरात उघडी ठेवा, आत त्याचं जुनं फडकं, खाणंही तिथंच द्या. जुलैपर्यंत ते आपणहून त्यात झोपायला लागतं. ३५ फूट झालं की मांजराला एका खोलीत बंद करा, शोधाशोध करावी लागत नाही. टोपली नसेल तर उशीची खोळ, तोंड सैल बांधून. लसीची पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत. कुत्र्याला साखळीला बांधून घर सोडायचं नाही, कधीच नाही.

पूर ओसरल्यावर कुत्र्याला लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा धोका मोठा. उंदरांचं मूत मिसळलेल्या चिखलातून तो येतो आणि कुत्र्यातून माणसालाही होतो. लेप्टोची लस दोन डोसांची, दरवर्षी घ्यावी लागते, ती पावसाच्या आधी पुरी करा. मांजर लेप्टोनं क्वचितच आजारी पडतं, हा गुण त्याचा.

हळदपेठ

टोपलीचं पटलं, ते मूळ यादीत हवंच होतं. मत मात्र तेच आहे, दिवसभर बंद असणाऱ्या घरात मांजरच. अजिंक्यतारा दादांचा मुद्दा, मांजर दुखणं लपवतं, तो खरा आहे. पण ट्रे काही लपवत नाही. सकाळी खुरपीनं गोळे काढताना मोजा. रोज दोन ते चार लघवीचे गोळे, लिंबाएवढे, ही निरोगी खूण. गोळे बोराएवढे आणि संख्येनं खूप झाले तर मूत्राशयाला सूज. एकदम मोठे आणि जास्त झाले तर मधुमेह किंवा किडनी. बोक्याच्या ट्रेमध्ये एकही नाही आणि तो सारखा जाऊन बसतोय, तर त्या दिवशी रजा टाका.

रोज साफ करायचं आणखी एक कारण. गरोदर बाई असलेल्या घरात मांजर घालवून द्यायला सांगतात, ते टॉक्सोप्लाझ्मा या मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या, गर्भाला घातक परजीवीच्या भीतीनं. त्याचे जंतू विष्ठेत पडल्यावर किमान एक दिवसानंतर लागण करण्याजोगे होतात. घरातल्या दुसऱ्या कुणी रोज ट्रे साफ केला तर मांजर काढायची गरज नाही.

अजिंक्यतारा

गोळे मोजायचं मान्य, एवढं केलं तरी निम्मे बोके वाचतील. फक्त एक भर घाला: जाड मांजर दोन दिवस जेवलं नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच्या यकृतात चरबी साचते. आणि बोका तुंबलेला असेल तर नळी घालण्याची सोय असलेला डॉक्टर कोण, हे आधीच विचारून ठेवा, सगळीकडं ती नसते. साताऱ्याकडच्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय महामार्गानं साधारण तासाभरावर आहे. निघायच्या आधी फोन करा आणि रस्त्यात पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, भरलेलं मूत्राशय आत फुटतं.