वाढत्या पायथनला दर आठवड्याला खायला घालायचं का?

मृण्मयी_स्लाऊ
लेकाच्या हट्टापायी घरात रॉयल पायथन आली (अजगराची एक जात, भारतात बॉल पायथन म्हणतात तीच). मादी आहे, दहा महिन्यांची, वजन ३४० ग्रॅम. ब्रीडरने सांगितल्याप्रमाणे दर सात दिवसांनी ३५ ग्रॅमचा फ्रोजन रॅट कोमट पाण्यात वितळवून देतो. परवा मात्र खाऊन चौथ्याच दिवशी ती लपायच्या खोक्यातून तोंड बाहेर काढून बसली. लेक म्हणतो ती भुकेली आहे, खाणं वाढव. नवरा म्हणतो, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. मला वाटतं, वाढत्या वयात पोटाला चिमटा कशाला? तुम्ही किती देता?

केदार_के
ताई, मी तुमच्या बाजूने. अंड्यातून बाहेर येताना ६०-७० ग्रॅमचं असलेलं पिल्लू वर्षभरात कितीतरी पटींनी वाढतं, ते खाल्ल्याशिवाय कसं होईल? ५०० ग्रॅम होईपर्यंत दर आठवड्याला वजनाच्या १० ते १५ टक्के, हे माझं माप. तुमचं १० टक्के होतंय, म्हणजे उलट हात आखडताच आहे.

अनुराधा_पी
अजिबात पटलं नाही. तोंड बाहेर काढून बसणं म्हणजे उपासमार नव्हे. हा दबा धरून बसणारा प्राणी आहे, पुढ्यात आलं की घ्यायचं हीच त्याची रीत. मागेल तितकं घातलं तर शरीरात चरबी साठते, यकृतापर्यंत जाते, आणि वरून साप 'छान गुटगुटीत' दिसतो. प्रत्येक जेवण पचवणं हेही मोठं काम असतं. बर्मीज पायथनचं हृदय भरपेट खाल्ल्यावर दोन दिवसांत ४० टक्क्यांपर्यंत वाढतं, हे २००५ मध्ये संशोधकांनी दाखवलंय. आतडं, यकृतही फुगतं आणि मग पूर्ववत होतं. त्या शरीराला मध्ये उसंत नको? ३०० ग्रॅम ओलांडल्यावर मी सात टक्क्यांवर येते, दहा ते चौदा दिवसांनी.

केदार_के
जंगलातला साप अर्धपोटी राहतो म्हणून घरच्यानेही राहावं? जंगलात त्याला गोचिड्या आणि जंतही असतात. मादीला पुढे दीड-दोन किलो व्हायचंय. शिवाय हिवाळ्यात हे साप आपणहून महिना-दोन महिने तोंड लावत नाहीत, तेव्हा अंगावर काही असायला नको का?

अनुराधा_पी
त्या उपासात निरोगी सापाचं वजन फारसं उतरत नाही. साठा करून ठेवायची भीती माणसाची आहे. आणि नायजेरियातल्या रॉयल पायथनांवरचा १९९८ चा अभ्यास बघा, लहान वयाचे साप बहुतेक पक्षी खाताना आढळले. आपण देतो ते पिंजऱ्यात वाढलेले रॅट, आणि मोठा रॅट तर चरबीनेच भरलेला.

सुहास_जोगळेकर
टक्क्यांची भांडणं थांबवा आणि साप हातात घ्या, म्हणजे खाल्ल्यावर दोन दिवस सोडून. अंग कापून पाहिल्यासारखं मनात आणा: कडा गोलसर झालेला त्रिकोण हवा. कण्याची धार बोटाला टोचली तर कमी पडतंय. वेटोळं घालताना आतल्या बाजूला कातडीच्या घड्या पडल्या, खवल्यांच्या मधली त्वचा दिसू लागली, तर जास्त होतंय. आणि खाणं वाढवण्याआधी तापमान बघा. गरम कोपरा ३१-३२ अंशांच्या खाली असेल तर रॅट कितीही चांगला असो, पचणार नाही, साप तो ओकून टाकेल. तसं झालं तर दोन आठवडे काहीच देऊ नका, नंतर निम्म्या आकाराचं.

मृण्मयी_स्लाऊ
आत्ताच पाहिलं. कणा टोचत नाही. वळताना शेपटीच्या जवळ दोन घड्या पडतात. रॅट तोच ठेवते, पण आता दहा दिवसांनी, आणि दर महिन्याला किचनच्या काट्यावर वजन.

केदार_के
दोन घड्यांवरून वाढत्या मादीचं खाणं कमी करणं मला अजूनही घाईचं वाटतं. निदान दोन महिन्यांची वजनं इथे टाका, मग बोलू.

अनुराधा_पी
टाका जरूर. वजन वाढतंच राहील, फक्त सावकाश. तेच हवंय.