क्वेरी कस्टमची, भाडं आयातदाराने का भरायचं?

वसईचा लेथवाला:
न्हावा शेव्याला कंटेनर उतरला की पोटात गोळा येतो. ड्युटीबद्दल तक्रार नाही. लाखाच्या मालावर १० टक्के मूळ ड्युटी धरा, त्या ड्युटीवर १० टक्के सरचार्ज, मग १,११,००० वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. झाले ३०,९८०. त्यातला आयजीएसटी क्रेडिटमध्ये मिळतो, बाकीचं भावात धरता येतं. धरता येत नाही तो खोळंबा. सुट्या पार्टच्या एचएसएन कोडवर, म्हणजे ड्युटी ठरवणाऱ्या मालाच्या कोडवर, कस्टमची क्वेरी निघाली, बिनभाड्याचे फ्री डेज संपले, की सीएफएसचं (कंटेनर ठेवायच्या गोदामाचं) भाडं वेगळं आणि कंटेनर अडकला म्हणून शिपिंग लाइनचं डिटेन्शन वेगळं. शेवटी माझाच कोड बरोबर ठरला तरी भरायचं मीच. क्वेरी काढणाऱ्याला कसलीच झळ नाही.

सीएचए बॅलार्ड इस्टेट:
आम्ही सीएचए, म्हणजे कस्टमचे कागद करणारे एजंट. राग मानू नका, पण २०११ पासून सेल्फ असेसमेंट आहे. कोड तुम्हीच जाहीर करता. इन्व्हॉइसवर नुसतं 'मशिनरी पार्ट्स' लिहिलं तर अधिकाऱ्याला काय स्वप्न पडणार? कॅटलॉग मागितला की मग पुरवठादाराला मेल, आणि नेमकी तिकडे सुट्टी. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची कस्टमकडची नोंद, माल पोहोचायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते. उशीर केला तर पहिले ३ दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,०००. तरी लोक जहाज लागल्यावर कागद घेऊन धावत येतात. निम्मा खोळंबा घरूनच आणलेला असतो.

लेथवाला:
कॅटलॉग, ड्रॉइंग, सगळं आधीच जोडलेलं होतं. राहिला निम्मा, त्याचं बोला.

भांडुपकर:
२०२० मध्ये फेसलेस, म्हणजे अधिकाऱ्याला न भेटता कागद तपासणं, आलं तिथेच घोळ झाला. माल उरणला, कागद तपासणारा दुसऱ्याच शहरात. पूर्वी पार्ट नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला की दोन मिनिटांत उलगडा व्हायचा.

सहारचा जुना:
पार्टबरोबर टेबलावर आणखी काय काय ठेवावं लागायचं, तेही सांगा की भाऊ! मला फेसलेसच बरं. एअर कार्गोला आमचा माल आता कुणाची ओळख न काढता सुटतो.

भांडुपकर:
एअर कार्गोचं सोडा. तिथे कंटेनर नसतो, डिटेन्शनही नसतं.

सीएचए बॅलार्ड इस्टेट:
लेथवाले, तुमच्या मुद्द्यावर नियम आहे. २०१८ च्या सी कार्गो मॅनिफेस्ट नियमावलीत म्हटलंय की नोंदी तपासायला कस्टमने माल अडकवला आणि नोंदी बरोबर निघाल्या, तर लाइनने कंटेनरचं डिटेन्शन मागायचं नाही. सीएफएससाठीही २००९ ची नियमावली आहे, अडकवलेल्या मालावर भाडं लावू नये अशी. कस्टमकडून तसं सर्टिफिकेट मागायचं. मागत कुणी नाही, एवढंच.

लेथवाला:
मागितलं होतं. लाइनचा माणूस म्हणाला, आधी पैसे भरा, डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडायचं पत्र) घ्या, मग रिफंडचा अर्ज करा. इकडे गिऱ्हाइकाचं मशीन बंद पडलेलं. अशा वेळी नियमावली उघडून बसू की माल सोडवू?

सीएचए बॅलार्ड इस्टेट:
'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे हरकत राखून भरतोय, असं लिहून भरा आणि मग भांडा.

लेथवाला:
भांडतो की. फक्त पुढचा कंटेनरही त्याच लाइनने येतोय.