मदत हवी आहे : सबवूफर आणि स्पीकर एकजीव होत नाहीत

नमस्कार मंडळी. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, हॉल १४ बाय ११ फुटांचा. पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर आधीपासून होते, दिवाळीत १० इंची सबवूफर (फक्त खालच्या, घुमणाऱ्या आवाजासाठीचा वेगळा स्पीकर) घेतला. तेव्हापासून आवाज दोन तुकड्यांत येतोय.

तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं की चाट (तबल्याच्या कडेवरचा टणक बोल) समोरून येते आणि डग्ग्याचा घुमारा टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यातून, जिथे सबवूफर ठेवलाय. तबलजी एक आणि डग्गा वाजवणारा दुसराच, असं वाटतं! माझ्या वडिलांनी आयुष्यभर तबला वाजवला, त्यामुळे हे फार खटकतं.

रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' केलेत, म्हणजे खालचा आवाज सबवूफरकडे जातो; क्रॉसओव्हर, म्हणजे ही वाटणी जिथे होते ती हद्द, ८० हर्ट्झ. सबवूफर रिसीव्हरच्या एलएफई (सबवूफरसाठीच्या) पोर्टला जोडलाय, पण त्याच्या मागचा क्रॉसओव्हर नॉबही ८० वरच होता. दोन्हीकडे गाळणी लागल्याने मधला भाग दबत असेल का? नॉब पूर्ण वर फिरवला तर थोडा फरक पडला. सबवूफरचा फेज (आवाजाची लाट उलटी करणारी सेटिंग) ० वरून १८० अंश केल्यावर सोफ्यावर डग्गा भरीव लागतो, पण जेवणाच्या टेबलापाशी गायब. १४ फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते, हेही त्यात आलं असणार.

सबवूफर सोफ्यावर ठेवून, खोलीभर रांगत आवाज ऐकून त्याच्यासाठी चांगली जागा शोधायची पद्धत कुणी केलीय का? कोपरा सोडावा की आधी क्रॉसओव्हर १०० करून बघावा? खालच्या मजल्यावर आजी-आजोबा राहतात, त्यामुळे व्हॉल्यूम वाढवणं हा उपाय नको.