घरापासून गोठ्यापर्यंत जमिनीखालून लाइट न्यायचीय, साधी वायर पाइपात घालून चालेल का?

मुळशीकर_४५मीटर
नमस्कार मंडळी, पौडच्या पुढे आमचं गावचं घर आहे, मी कोथरूडला राहतो, शनिवार-रविवार जाऊन येतो. घरापासून गोठा आणि अवजारांची खोली साधारण 45 मीटरवर आहे. आत्तापर्यंत आंब्यावरून वायर ओढलेली होती, ती जूनच्या वाऱ्यात तुटून चिखलात पडली आणि वडील पहाटे धार काढायला निघालेले, नशीब की त्या वेळी लाइट गेलेली होती. तेव्हापासून झोप नाही. आता जमिनीखालून न्यायचं ठरवलंय. 4 एलईडी ट्यूब, बाहेर एक फ्लडलाइट आणि चार्जिंगला एक सॉकेट, बास एवढंच. गावातला वायरमन म्हणतो घरात वापरतो तीच वायर पीव्हीसी पाइपात घालू, फूटभर चर पुरे, आणि अर्थिंगची तिसरी तार कशाला, गोठ्यात सळई ठोकू. बरोबर आहे का हे? काळी माती आहे, खाली मुरूम.

जुना_वायरमन
नाही, तीनही गोष्टी चूक आहेत. फिटिंगची पाइप जमिनीत गेली की पावसाळ्यात तिच्यात पाणी साचतं, कितीही सोल्युशन लावा, आणि घरातल्या वायरचं इन्सुलेशन बारा महिने पाण्यात राहायला केलेलंच नसतं. आर्मर्ड केबल घ्या, 3 कोर (म्हणजे आत तीन तारा) 2.5 स्क्वेअर एमएम तांब्याची. वरून जीआयच्या तारांचं चिलखत असतं म्हणून घूस, उंदीर, कुदळीचा ओझरता घाव यांना बऱ्यापैकी दाद देत नाही. खोली आयएस 1255 या भारतीय मानकाप्रमाणे 75 सेंमी, म्हणजे अडीच फूट. तळाला वाळू, मग केबल, परत वाळू, वर विटा आडव्या आणि त्यावर मातीत पिवळी-लाल वॉर्निंग टेप, म्हणजे उद्या कोणी खणलं तर आधी टेप दिसेल. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते त्यामुळे केबल ताणून टाकू नका, सैल सोडा, दोन्ही टोकांना एकेक वेटोळं ठेवा. मधे जॉइंट अजिबात नको, एकच तुकडा. 45 मीटर लागतेय तर वरखाली धरून 55 घ्या.

सर्किट_आणि_शेणखत
वरच्या दादांशी सहमत. व्होल्टेज ड्रॉपची काळजी नको, 2.5 च्या तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण 7.4 ओहम, जाऊन-येऊन 90 मीटर धरले तर 0.67 ओहम, 5 अँपियर ओढले तरी तीन-साडेतीन व्होल्टच जातात. खरा मुद्दा अर्थिंगचा आहे आणि तिथे कंजूसी करू नका. नुसत्या सळईवर विसंबलात आणि फॉल्ट झाला तर मातीतून एवढा कमी करंट वाहतो की एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडतच नाही, आणि गोठ्याचा पत्रा तसाच लाइव्ह राहतो. माणसापेक्षा गुराला धोका जास्त, पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यामुळे ओल्या जमिनीतल्या व्होल्टेजचा फरक थेट छातीतून जातो, आणि वर शेणा-मुतानं जमीन कायम ओली. म्हणून तिसरी तार हवीच, आर्मरला (वरच्या चिलखताला) ग्लँड, म्हणजे केबलचं टोक घट्ट धरणारा धातूचा तुकडा, लावून तोही अर्थ करा, शिवाय गोठ्याजवळ वेगळा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) करा. आणि घरच्या डीबीमध्ये (स्विचच्या मुख्य पेटीत) या लाइनसाठी 6 अँपियरचा एमसीबी आणि 30 मिलिअँपियरची आरसीसीबी स्वतंत्र बसवा. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटमध्ये तेवढा फरक पडला की आरसीसीबी लगेच लाइन तोडते. पावसात पडायला लागली तर बायपास करू नका, कुठे पाणी शिरलंय ते शोधा.

मावळातली_ताई
आमच्याकडे शेजाऱ्यांनी न्यूट्रलऐवजी जमिनीवरच बल्ब पेटवला होता, एकच तार आणि एक सळई, पैसे वाचले म्हणून खूश होते. त्यांची म्हैस त्या सळईपाशी चरायला गेली ती उठलीच नाही. वायरमननी असं सुचवलं तर त्याला नम्रपणे नकार द्या आणि परवानावाला माणूस बोलवा, चर तुम्ही स्वतः खणा, तेवढे पैसे वाचतात. केबल बुधवार पेठेत तपकीर गल्लीत बघा, पण आयएसआय मार्क आणि केबलवर छापलेले मीटरचे आकडे स्वतः वाचून घ्या.

मुळशीकर_४५मीटर
खूप आभार सगळ्यांचे, ताई वाचून अंगावर काटा आला. चर येत्या शनिवारी सुरू करतो. एकच शंका, घरातून आणि गोठ्यातून दोन्हीकडून लाइट चालू-बंद करायची असेल तर? वडील अंधारात जातात.

जुना_वायरमन
मग 3 कोर पुरणार नाही. टू-वे स्विचच्या दोन तारा, न्यूट्रल आणि अर्थ मिळून चार झाल्या, आणि सॉकेटला कायमचा फेज पाहिजे म्हणून पाचवी. 5 कोर घ्या. न्यूट्रल त्याच आरसीसीबीतून आलेला पाहिजे, घरातला दुसरीकडचा उचललात तर ती सारखी पडत राहील. आणि माती ढकलायच्या आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून बघायला सांगा, चर बुजल्यावर परत उकरायची वेळ नको.