‘पाणबुड्यांनी हल्ला केला’ म्हणजे नेमका कुणी? आरमारी अद्भुत कादंबरीची शब्दचर्चा

कागदी होडी
कादंबरीचा आराखडा असा: पश्चिम किनाऱ्यापुढच्या खोल समुद्रात नौदलाची एक पाणबुडी आणि तिथे पूर्वापार वस्ती करून असलेल्या साती आसरा (पाण्यातल्या सात देवता) यांच्यात आधी युद्ध, मग तह. निम्मी विज्ञानकथा, निम्मी अद्भुतकथा. अडले आहे ते शब्दांपाशी. यंत्रांचे शब्द इंग्रजीच ठेवले तर आसरांच्या प्रकरणांशेजारी ते परके दिसतात. सगळेच संस्कृत केले तर पाणबुडीत कीर्तन लागल्यासारखे वाटते. पाणबुडी, सोनार (आवाजाने पाण्यातले हुडकणारे यंत्र), टॉर्पेडो, प्रेशर हल (पाण्याचा दाब सोसणारे नौकेचे कवच), डेप्थ या शब्दांवर मत हवे. आणि या प्रकाराला म्हणायचे काय?

वेलांटी
‘पाणबुडी’ ठेवा, पण रूपे सांभाळा. पाणबुडी (स्त्री.) याचे अनेकवचन ‘पाणबुड्या’. पाण्यात बुडी मारणारा माणूसही ‘पाणबुड्या’ (पु.), त्याचे अनेकवचन ‘पाणबुडे’. कर्ता सरळ रूपात असेल तर क्रियापद सोडवते: ‘पाणबुड्या आल्या’ म्हणजे नौका, ‘पाणबुड्या आला’ म्हणजे माणूस. अनेकवचनाला प्रत्यय लागला की दोन्हींचे सामान्यरूप एकच, ‘पाणबुड्यां-’. ‘पाणबुड्यांनी हल्ला केला’ या वाक्यात नौका की माणसे, हे व्याकरण सांगू शकत नाही. तुमच्या कथेत दोन्ही असणार, तेव्हा माणसासाठी ‘बुडीवाला’ किंवा सरळ ‘डायव्हर’ ठरवून टाका आणि शेवटच्या पानापर्यंत तोच ठेवा.

दुसरा खड्डा ‘खोली’चा. ‘ती खोलीत गेली’ हे वाक्य पाणबुडीच्या कादंबरीत विनोदी होते. मापासाठी ‘१८० मीटर खोलीवर’, आणि आतल्या विभागाला ‘खोली’ अजिबात नको, ‘कप्पा’ म्हणा.

सुकाणू
क्रियापदाकडेही बघा. ‘पाणबुडी बुडाली’ म्हणजे गेली, माणसांसकट. मुद्दाम पाण्याखाली जाते तेव्हा ती ‘बुडी मारते’ किंवा ‘पाण्याखाली जाते’. हुकमाला ‘बुडी!’ हा एकच शब्द पुरतो.

सोनारचे म्हणाल तर ‘सोनारने लक्ष्य ओळखले’ असे लिहिले की मराठी वाचकाला पेढीवरचा सोनार दिसणारच. त्याऐवजी काम काय चालते ते बघा. एका प्रकारात आपण आवाज न करता नुसते ऐकतो. त्याला मराठीत तयार शब्द आहे, कानोसा. दुसऱ्या प्रकारात आपण आवाज सोडतो आणि त्याचा परतलेला प्रतिध्वनी मोजतो. ती हाळी. कानोशात दिशा कळते. हाळीत दिशा आणि अंतर दोन्ही कळतात, पण हाळी दिली की आपलाही ठाव शत्रूला लागतो. रात्री अनोळखी हाकेला ओ देऊ नये, ही कोकणातली समजूत इथे पाणबुडीचा नियम म्हणून जशीच्या तशी बसते.

होय म्हाराजा
‘कानोसा-हाळी’ झकास. हुकमांबद्दल एक भर घालतो. पाणबुडीत हुकूम ऐकणारा तो मोठ्याने परत म्हणतो, कारण एक आकडा चुकला तरी नौका तळाला लागते. म्हणून आकडा आणि कृती यांच्या मध्ये काही भरू नका. ‘आता आपण साठ मीटरपर्यंत खाली जाऊया’ हा हुकूम नव्हे. ‘खोली साठ.’ ‘खोली साठ, होय.’ संपले.

आमच्या कोकणात देवाला घालतात त्या गाऱ्हाण्यातही असेच असते. गावकर एक वाक्य म्हणतो, जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, मग पुढचे वाक्य. आसरांशी तह होतो त्या प्रकरणात हुकूम आणि गाऱ्हाणे एकाच लयीत आणता येतील. वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, कान ओळखतो.

फक्त एक लक्षात ठेवा. आसरा विहिरीच्या, नदीच्या, तळ्याच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या. त्या खाऱ्या पाण्यात कशा, याचे कारण कथेत द्यावे लागेल. खाडीच्या मुखातून उतरल्या म्हणा, समुद्रतळाच्या गोड्या झऱ्यांशी राहतात म्हणा (असे झरे खरोखर असतात). पण गाळू नका, कोकणी वाचक पहिल्या पानावरच विचारील.

वेलांटी
‘आसरा’ची रूपेही वेगळी ठेवा. देवता स्त्रीलिंगी: आसरांनी, आसरांना. निवारा पुल्लिंगी: आसऱ्याने, आसऱ्याला. ‘आसऱ्यांनी’ लिहिलेत तर निवारे हल्ला करतील.

सुकाणू
आता मुख्य गोष्ट. विज्ञान आणि अद्भुत यांची सांगड घालायला नवे शब्द घडवण्याआधी दोन्हीकडे पाय असलेले जुने शब्द शोधा. मराठीत ते भरपूर आहेत. ‘यंत्र’ म्हणजे मशीन, आणि श्रीयंत्रातलेही यंत्रच. ‘वेध’ नेम धरण्याचा, ग्रहांचा, आणि ग्रहण लागण्याआधीचाही. ‘भारणे’ मंत्राने, ‘भार’ विजेचा आणि ‘भार’ वजनाचा. ‘कवच’ चिलखताचे, आणि देवीकवचातलेही.

प्रेशर हलला ‘दाबकवच’ म्हणा. समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, म्हणजे दर चौरस मीटरवर साधारण १० टन. १८० मीटरवर १८० टन झाले. पाऊण मीटर व्यासाच्या झाकणावर बाहेरून जवळजवळ ८० टन रेटा पडतो. नायक तिथे झाकण उघडून आसरांना भेटायला जातो असे कृपया लिहू नका. त्याला आधी बंद कप्प्यात शिरावे लागेल, कप्प्यात पाणी भरून दाब बाहेरच्याइतका करावा लागेल, तेव्हा कुठे झाकण हलेल. देवीकवचात एकेका अवयवाला एकेक देवता राखण असते. नौकेला मार बसल्यावर नुकसानीची खबरही अशीच एकेका कप्प्याची येते: ‘पहिला कप्पा कोरडा. दुसरा कोरडा. तिसरा उत्तर देत नाही.’ त्या प्रकरणाची बांधणी यातून आपोआप मिळते.

शिडाची दोरी
टॉर्पेडोला वर्तमानपत्री मराठीत ‘पाणतीर’ आहे. छोटा आहे, हुकमात बसतो. सुरुंगाला ‘पाणसुरुंग’. ‘अस्त्र’ मात्र राखून ठेवा. हातात धरून चालवायचे ते शस्त्र, मंत्रून सोडायचे ते अस्त्र, हा जुना भेद तुमच्या कथेत सोन्याच्या किमतीचा आहे. नौदलाकडे शस्त्रे, आसरांकडे अस्त्रे. आणि ही रेघ मधल्या प्रकरणात पुसट व्हावी, कारण प्रत्यक्षातही ती पुसट आहे. भारतीय बनावटीच्या जड पाणतीराचे नाव ‘वरुणास्त्र’; तो २०१६ मध्ये नौदलाकडे सोपवला गेला. येणाऱ्या पाणतीराला चकवणाऱ्या, २०२० मध्ये नौदलात आलेल्या यंत्रणेचे नाव ‘मारीच’. सोन्याचे हरीण होऊन रामाला दूर नेणारा तोच. नाव ठेवणाऱ्याने एका शब्दात त्या यंत्रणेचे काम सांगितले आहे.

आणखी एक साम्य हाताशी आहे. काही पाणतीरांना मागे तार असते, ती शाबूत आहे तोवर सोडणारा त्यांना वळवू शकतो. तार तुटली की पाणतीर आपल्या बुद्धीने जातो. महाभारतात अर्जुनाला अस्त्र मागे घेता येते, अश्वत्थाम्याला येत नाही. अस्त्र आवरून घेण्याला जुना शब्द ‘उपसंहार’. शेवटच्या प्रकरणाला तोच मथळा दिलात तर दोन्ही अर्थ लागतील, पण हा मोह एकदाच.

वेळेचे गणितही मांडून ठेवा. ४० नॉट वेगाच्या पाणतीराला ५ किलोमीटर कापायला सुमारे चार मिनिटे लागतात. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे तेच अंतर साडेतीन सेकंदांच्या आत. मंत्र आवाजाने चालत असेल तर आसरांना पाणतीर सुटल्याचे लगेच कळेल आणि हातात जवळजवळ चार मिनिटे उरतील. लढाईचे अख्खे प्रकरण त्या चार मिनिटांत मावायला हवे.

कागदी होडी
मंत्र आवाजानेच चालतो असे ठरवले आहे. मग माणसाने पाण्याखाली मंत्र म्हणायचा कसा?

सुकाणू
इथे भौतिकशास्त्र तुमच्या बाजूने आहे. फार खोल काम करणाऱ्या डायव्हरांना हवेऐवजी हेलियम-ऑक्सिजनचे मिश्रण देतात, कारण दाबाखाली नायट्रोजनची गुंगी येते. हेलियममध्ये आवाज चिरका होतो आणि बोललेले कळेनासे होते. उच्चारशुद्धीवर चालणारा मंत्र तिथे फसतो, आणि त्याला पटण्याजोगे कारणही असते.

दुसरे, पाण्याचा तो थर जिथे तापमान झपाट्याने उतरते. आवाज तिथे वाकतो आणि थराखाली सावलीसारखी बहिरी जागा राहते. त्याला अवघड पारिभाषिक शब्द नको. ‘थर’ पुरे. ‘थराखाली जा’ हा हुकूम वाचकाला दुसऱ्यांदा येईपर्यंत पाठ होतो. मंत्रही थरापाशी वाकतो, हा नियम एकदा घातला की तो दोन्ही पक्षांना लागू करा. फक्त नौदलाला लागू आणि आसरांना सूट, असे केले की वाचकाचा विश्वास उडतो.

आणि खोटा तळ विसरू नका. दुसऱ्या महायुद्धात सोनारवर समुद्राच्या मध्येच तळ दिसू लागला. रात्री तो वर सरके, दिवसा खाली जाई. तो निघाला जिवांचा दाट थर. यात अद्भुत घालायची गरजच नाही, फक्त तो थर कुणाच्या सांगण्यावरून हलतो ते ठरवा.

वेलांटी
खोलीच्या मापावरही बाजू ओळखू येऊ द्या. नौदल मीटरात बोलेल, आसरा वावांत. पसरलेल्या दोन हातांची लांबी म्हणजे एक वाव, साधारण सहा फूट. १०० वाव म्हणजे सुमारे १८३ मीटर. ‘संशयाला वाव’ही जवळच असतो, तेव्हा एका परिच्छेदात दोन्ही नकोत.

प्रकाराचे नाव: ‘लष्करी विज्ञानकथा’ म्हटले की भूदल डोळ्यांसमोर येते. ‘आरमारी अद्भुत’ सुचवीन. आरमार हा शब्दही पोर्तुगीजांकडून येऊन इथला झालेला आहे, परकेपणाची तक्रार त्याच्याबद्दल कुणी करत नाही.

कागदी होडी
सगळे घेऊन एक तुकडा:

‘थराखाली जा. खोली एकशे ऐंशी.’
‘खोली एकशे ऐंशी, होय.’
दाबकवच एकदा करकरले. कानोसा घेणाऱ्याने हात वर केला.
‘शंभर वावांवर कुणीतरी गातंय.’
नाखव्याने विचारले, ‘पाणबुडी?’
‘नाही. सातजणी आहेत. श्वास एकच.’

शिडाची दोरी
शेवटचे वाक्य ठेवा. ‘नाखवा’ काढा, तो मालाच्या किंवा मासेमारीच्या गलबताचा धनी. इथे ‘कॅप्टन’च हवा.

सुकाणू
‘शंभर वावांवर’ही काढा. एक तर नौदलाचा माणूस वावांत बोलणार नाही. दुसरे, हा नुसता कानोसा आहे, हाळी दिलेली नाही. त्याला अंतर कळलेलेच नसेल. तो एवढेच म्हणेल: ‘उजव्या अंगाला, थोडं पुढे. कुणीतरी गातंय.’