बाबांची लघवीची नळी ओढली जातेय

प्रश्न: बाबा ७८ वर्षांचे. प्रोस्टेटमुळे कॅथेटर लावून कालच घरी आणलं. कूस बदलली की नळी ओढली जाते, कळवळतात. बघवत नाही. काय करू?

उत्तर: ताई, मी २२ वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे. नळी थोडी सैल ठेवून मांडीला चिकटपट्टीने धरा. पिशवी कमरेच्या खाली, पलंगाच्या दांडीला अडकवा. जमिनीला टेकवू नका. नळी-पिशवीचा जोड उगाच उघडू नका, जंतू तिथूनही शिरतात. रिकामी करण्याआधी हात साबणाने धुवा, घाईत असलात तरी.

प्रश्नकर्ती: दोन तास थेंब नाही!

उत्तर: नळीला पीळ पडलाय का, अंगाखाली दबलीय का बघा. तसं नसेल, किंवा ओटीपोट फुगून दुखत असेल, थंडी वाजून ताप असेल तर लगेच दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ती: मांडीखाली दबली होती. सोडवताच पिशवी भरू लागली. बाबा झोपलेत.