मदत हवी आहे: करोनानंतर पायाला मुंग्या, नसांचा आजार करोनामुळेच का?

कावेरी७९ (१६ जून २०२५, रात्री ९:१०)
नमस्कार, घाईत लिहितेय, टायपो समजून घ्या. नानांना करोना होऊन गेला आणि आता पायाला मुंग्या येतायत. मिरजेचे न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात नसांचा ऑटोइम्यून आजार (शरीर स्वतःच्याच नसांवर उठतं तो) असू शकतो, अ‍ॅडमिट करा, तीन-चार लाख धरून चला. पण एनसीव्ही (नसांची विजेची तपासणी) नॉर्मल आलीय!! मग कसलं ऑटोइम्यून? करोनामुळे असं खरंच होतं का? दादा म्हणतो हे लशीचंच आहे, आता चार लाख घालवण्यात अर्थ नाही. मी बंगलोरला, ते तासगावला. नक्की माहिती असेल त्यांनीच सांगा प्लीज.

हेमांगी (९:२२)
वय? करोना कधी, आत्ता मे-जूनला परत आला तो का २०२१ चा? शुगर आहे का? मुंग्या कधीपासून? ताई एवढं तरी लिहा, आम्ही काय ज्योतिषी आहोत का.

निवृत्त_मास्तर (९:२५)
बी१२ तपासा. आपल्याकडे शाकाहारी माणसांत नव्वद टक्के मुंग्या बी१२ च्या असतात. मला स्वतःला होत्या, दहा इंजेक्शनं घेतली, आज रोज चार किलोमीटर चालतो. न्यूरॉलॉजिस्टकडे जायची गरजच नाही.

कोरा_चहा (९:३१)
मास्तर नव्वद टक्के कुठून आणलेत? असो. माझ्या मेव्हण्याला सेम झालं होतं, पायापासून सुरू होऊन हातापर्यंत आलं, स्टेरॉइडवर ठणठणीत झाला. चार लाख कसले, गोळ्या शंभर-दोनशे रुपयांच्या. डॉक्टरला स्टेरॉइडबद्दल विचारा, ते स्वतःहून सांगणार नाहीत.

रात्रपाळी (९:३८)
मुंग्यांचं नंतर बघू. ताकद कशी आहे ते सांगा. खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का? चप्पल पायातून निसटते का? डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली तेव्हा पाय उडाला का? पाणी पिताना ठसका लागतो का? आणि नानांना मोठा श्वास घेऊन एका दमात एक दोन तीन मोजायला लावा, कितीपर्यंत जातात ते लिहा. मी मेडिसिनला रेसिडेंट आहे, म्हणजे न्यूरोवाला नाही, पण हे विचारण्याएवढं कळतं.

दुपारची_झोप (९:४४)
मला २०२१ च्या करोनानंतर अजून कांद्याचा वास येत नाही. हा पण ऑटोइम्यूनच प्रकार का?

कावेरी७९ (९:५२)
वय ६३. शुगर बॉर्डरलाइन. करोना आत्ताचाच, २७ मेला घरच्या किटवर दोन रेघा आल्या, ताप दोन दिवस, खोकला आठवडाभर. मुंग्या शुक्रवारपासून म्हणजे १३ तारखेपासून. आणि मास्तर, नाना चांगले मटण खाणारे आहेत, बी१२ ३८० आलंय, तेही केलंय. फोन लावला होता आईला. हातोडीने पाय उडाला नाही असं डॉक्टर म्हणाले होते म्हणे. संडासातून उठताना कालपासून आईला हात द्यावा लागतो. हे मी आधी लिहिलं नाही कारण त्यांचे गुडघे तसेही दोन वर्षं दुखतात. आकडे १८ पर्यंत मोजले.

रात्रपाळी (९:५८)
ताई, हेच आधी लिहायला हवं होतं. गुडघेदुखीने हातोडीची प्रतिक्रिया जात नाही. आज रात्रीच निघा, सकाळची वाट बघू नका. चार दिवसांत मुंग्यांपासून उठता न येण्यापर्यंत आलंय आणि ते वर चढतंय. याला जीबीएस म्हणजे गियां-बारे सिंड्रोम म्हणतात, निदान तोच संशय आहे. यात छातीचे स्नायू थकले तर माणूस ऐनवेळी दम लागला असं सांगत पण नाही, थेट व्हेंटिलेटर लागतो. पाचातल्या एखाद्याला लागतोच. २० च्या खाली मोजणं मला अजिबात आवडलेलं नाही.

एनसीव्हीचं सांगतो. पहिल्या आठवड्यात ती नॉर्मल किंवा किरकोळ बिघडलेली येऊ शकते, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासतात त्याचंही तसंच, प्रोटीन वाढायला वेळ लागतो. नॉर्मल रिपोर्टवर घरी बसलेले पेशंट आम्ही पाहिलेत. आणि निघताना रेशन कार्ड आणि आधार बरोबर घ्या, जीबीएस महात्मा फुले योजनेत बसतं, फक्त ते हॉस्पिटल योजनेत आहे का ते आधी विचारा.

वांगीभात (१०:०५)
आई एकटीने कशी नेणार रात्रीची? शेजारी गाडी आहे का कुणाची? १०८ ला फोन लावा.

कावेरी७९ (१०:०९)
दादा आहे तासगावातच. तोच अडून बसलाय. त्याला कळवते. पण करोनामुळे का लशीमुळे हे सांगा ना कोणीतरी, तो तेवढंच विचारतोय.

पेठेतला_पाहुणा (१०:१४)
तुमचा भाऊ बरोबर बोलतोय. कोव्हिशिल्डने म्हणजे तिकडच्या अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीने जीबीएस होऊ शकतो हे युरोपच्या औषध नियामकांनी स्वतः मान्य केलंय, पत्रकात छापलंय. आपल्याकडे कोणी बोलत नाही. केरळात तर पहिल्या डोसनंतर लागोपाठ केसेस निघाल्या होत्या, दोन्ही बाजूंनी तोंड वाकडं झालेल्या.

रात्रपाळी (१०:२६)
पाहुणे, तुम्ही अर्धंच सांगताय. युरोपने सप्टेंबर २०२१ मध्ये अतिदुर्मिळ दुष्परिणाम म्हणून नोंद केली, केरळच्या सात केसेसही खऱ्या. पण ते सगळं डोसनंतर काही आठवड्यांत, साधारण सहा आठवड्यांच्या आत. कावेरीताई, नानांचा शेवटचा डोस कधी?

कावेरी७९ (१०:२८)
दोन्ही २०२१ ला. बूस्टर नाही.

रात्रपाळी (१०:३५)
मग चार वर्षांनी तो डोस शुक्रवारी नसांवर कसा उठेल? दादाला हे दाखवा आणि गाडी काढायला सांगा.

करोनाचं म्हणाल तर गोष्ट जरा गुंत्याची आहे. जीबीएस बहुतेक वेळा कसल्यातरी इन्फेक्शननंतर येतो, दोनतृतीयांश लोकांना आधीच्या सहा आठवड्यांत ताप-सर्दी नाहीतर जुलाब झालेले असतात. २०२० मार्चमध्ये उत्तर इटलीतल्या तीन हॉस्पिटलांत पाच केसेस निघाल्या आणि सगळं जग घाबरलं. मग इंग्लंडवाल्यांनी मोजलं तर त्या वर्षी जीबीएसचे एकूण पेशंट उलट कमी झाले होते. लोक घरात, हात धुतायत, बाकीची इन्फेक्शनं कमी, म्हणून. त्यामुळे बरेच न्यूरोवाले म्हणाले, संबंध नाहीच. पुढे २०२३ ला इस्रायलचा अभ्यास आला, ३० लाखांहून जास्त माणसांचा, त्यात करोना होऊन गेल्यावरच्या सहा आठवड्यांत जीबीएसचा धोका सहा पटीच्या आसपास निघाला, आणि फायझरची लस घेतलेल्यांत उलट कमी. पण सहा पट म्हणजे मुळात लाखात एकदोघांना वर्षाला होणारी गोष्ट सहा पट. करोना झालेल्या प्रत्येकाने पाय चाचपत बसू नये.

पेठेतला_पाहुणा (१०:४१)
म्हणजे इंग्लंड सांगतं संबंध नाही, इस्रायल सांगतं आहे. आणि तुम्ही सोयीचं ते घेता.

रात्रपाळी (१०:४६)
दोन्ही सांगितले की राव मी. एकाने देशभराची बेरीज केली, एकाने जीबीएस झालेल्यांच्या शेजारी तशीच निरोगी माणसं ठेवून तुलना केली. प्रश्नच वेगळे. तुम्हाला भांडायचंच असेल तर वेगळा धागा काढा.

कोरा_चहा (१०:४८)
माझ्या स्टेरॉइडच्या प्रश्नाचं काय?

रात्रपाळी (१०:५५)
मेव्हण्याचं किती दिवस वाढत गेलं होतं?

कोरा_चहा (१०:५७)
तीनेक महिने. मधे बरं वाटायचं, परत व्हायचं.

रात्रपाळी (११:०२)
मग तो बहुतेक सीआयडीपी, म्हणजे जीबीएससारखाच पण रेंगाळणारा नसांचा आजार. त्याला स्टेरॉइड चालतं. जीबीएस चार आठवड्यांत काय ते शिखर गाठतो, सीआयडीपी दोन महिन्यांच्या पुढे वाढत राहतो. जीबीएसमध्ये स्टेरॉइडचा फायदा होत नाही, हे बऱ्याच वर्षांपूर्वी तपासून झालंय. इथे दोनच उपाय, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेलं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडी) नाहीतर प्लाझ्मा एक्सचेंज (मशीनने रक्तातला प्लाझ्मा बदलणं), दोन्ही सारखेच चालतात, एकापाठोपाठ एक देऊन जास्त फायदा होत नाही. आयव्हीआयजी किलोला २ ग्रॅम, पाच दिवसांत वाटून. ७० किलोच्या माणसाला १४० ग्रॅम म्हणजे ५ ग्रॅमच्या २८ बाटल्या. तीन-चार लाख तिथून येतात, डॉक्टर लुटत नाहीयेत. प्लाझ्मा बऱ्याच ठिकाणी स्वस्त पडतो, पण मशीन आणि ते चालवणारी माणसं लागतात. तेही विचारा.

आबा_पन्हाळकर (११:२०)
मुंग्यांना बला तेलाचं कोमट मालिश. पायाकडून वर. सोबत अश्वगंधा. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या

हेमांगी (११:२२)
आबा माणूस उठत नाहीये आणि तुम्ही मालिश काय सांगताय. नंतर फिजिओच्या वेळी घाला तेल.

वांगीभात (११:३०)
जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला हीच साथ आली होती ना? किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी. दोनशेच्या वर संशयित. तेव्हा पाण्याचं म्हणत होते. नाना पुण्याला गेले होते का?

पुणेरी_नाही (११:३८)
पाण्याचं म्हणत होते पण कुणावर शेकलं? आम्ही धायरीत अजून पाणी उकळून पितो, टँकरवाल्याला विचारलं तर म्हणतो महापालिकेला विचारा. आणि विहिरीत क्लोरीन किती टाकतात हे

हेमांगी (११:४०)
धाग्याला फाटे फोडू नका. कावेरी, निघाले का?

कावेरी७९ (१७ जून, पहाटे ५:१५)
निघाले. दादाच घेऊन गेला, रात्री साडेबाराला पोचले. आयसीयूत ठेवलंय, आता आकडे १४ पर्यंतच. मी बसमध्ये आहे. कुणीतरी पुण्याचं विचारलं होतं, नाना पुण्याला गेलेले नाहीत. हॉस्पिटल योजनेत आहे, कागद दादा करतोय. सगळ्यांचे आभार, नंतर लिहिते.

निवृत्त_मास्तर (७:४०)
बी१२ ३८० म्हणजे तसं काठावरच आहे. ५०० च्या पुढे हवं असं माझं मत.

कावेरी७९ (१९ जून, रात्री १०:३०)
अपडेट देतेय. पाठीचं पाणी काढलं, त्यात पेशी नॉर्मल आणि प्रोटीन वाढलेलं, डॉक्टर म्हणाले टिपिकल आहे. काल परत एनसीव्ही केली, आता बिघडलेली आलीय. इम्युनोग्लोब्युलिनचा आज तिसरा दिवस. व्हेंटिलेटर लागला नाही, आकडे परवा ११ झाले होते, आज १५. पण आज सकाळपासून दोन्ही डोळे पूर्ण मिटत नाहीत, चेहरा कोरा दिसतो, हसले तर कळतच नाही. हे औषध चालू असताना वाढतंय म्हणजे लागू होत नाही का?

आणि एक सांगायचं राहिलं. १ जूनला चुलत्यांच्या रानात पार्टी होती, चिकन. नाना गेले होते, खोकला असताना. त्यानंतर नानांना आणि चुलत्यांना दोन दिवस जुलाब. आईला हे त्यांनी सांगितलंच नव्हतं, चुलते आज भेटायला आले तेव्हा निघालं.

चिंचगूळ (१०:३८)
किटवर २७ ला पॉझिटिव्ह आणि १ तारखेला पार्टीला?! धन्य.

रात्रपाळी (१०:४७)
डोळ्यांचं आधी. पहिल्या दोन आठवड्यांत औषध चालू असताना थोडं वाढणं असतं, त्याचा अर्थ लागू नाही असा नाही, आणि आकडे १५ वर आले ही चांगली गोष्ट. चेहरा दोन्ही बाजूंनी जाणं यात बघायला मिळतं. पण डोळे उघडे राहिले तर बुबुळ सुकतं, रात्री जेल आणि पट्टी लावतायत का ते सिस्टरला विचारा. गिळताना ठसका लागला तर तोंडाने काही देऊ नका, लगेच सांगा.

चिकनचं सांगितलंत ते बरं केलंत. कच्चट चिकनमधून कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू येतो, जीबीएसचं जगभरातलं सगळ्यात नेहमीचं कारण तोच. त्याच्या अंगावरची एक साखर आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या घटकासारखी दिसते. शरीर जंतूविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि ती चुकून नसेवर जाऊन बसते. पुण्याच्या साथीतही पेशंटांच्या शौचात हा सापडला होता. करोनात असं सारखं दिसणारं अजून कोणी नीट दाखवलेलं नाही. आता नानांच्या बाबतीत दोन्ही आहेत, १३ तारखेपासून मागे मोजलं तर करोना १७ दिवस, जुलाब दहा-बारा दिवस. दोन्ही हिशेबात बसतात. शौचाची तपासणी करायला सांगू शकता, पण आता जंतू सापडेलच असं नाही.

कावेरी७९ (१०:५५)
मग चुलत्यांना का नाही झालं? आणि दादाला मी काय सांगू, करोना का चिकन?

रात्रपाळी (११:०१)
हा जंतू झालेल्या हजारात एखाद्याला होतो, कोणाला ते आधी सांगता येत नाही. दादाला सांगा औषध तेच आहे. पाच दिवस पूर्ण होऊ द्या. मग फिजिओ, तो महिनोन्‌महिने लागेल. सहा महिन्यांनी बहुतेक जण स्वतःच्या पायावर चालतात, सगळे नाही. चुलत्यांचे पाय जड वाटले तर मात्र त्यांनाही आणा.

आबा_पन्हाळकर (११:१५)
फिजिओच्या वेळी बला तेल. हेमांगीताईंनीच परवानगी दिलीय.

दुपारची_झोप (११:१८)
वासाबद्दल कोणीच काही बोललं नाही.

कावेरी७९ (२० जून, सकाळी ६:५०)
रात्री जेल लावलेली नव्हती. आता लावलीय. डोळे लाल आहेत, नेत्रवाल्या डॉक्टरांना बोलावलंय. आकडे १७.